आटे जुळले, पण मीटर जुळले का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपाशी सुरू होतो. हा मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. कळंबोली समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे. तेथून निघालेली गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला पोचते, तेव्हा ती सुमारे ६०० मीटर उंचीवर आलेली असते. आजच्या गाडीला हा चढ फारसा जाणवत नाही. पण एखाद्याने हौसेने जुनी प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडर किंवा महिंद्राची जीप सांभाळली असेल, तर खोपोली मागे पडल्यावर त्याचे लक्ष रस्त्याइतकेच डॅशबोर्डवरच्या एका लहानशा काट्याकडे असते. या काट्याच्या एका टोकाला 'सी' म्हणजे थंड आणि दुसऱ्या टोकाला 'एच' म्हणजे गरम असे लिहिलेले असते. काटा मध्यावर आहे तोवर चालक निश्चिंत असतो.

हा काटा नेमके काय मोजतो? बहुतेक जण सांगतील, इंजिनातल्या पाण्याचे तापमान. हे उत्तर व्यवहारात चालते, पण काटेकोरपणे पाहिले तर ते चूक आहे. काटा डॅशबोर्डवर आहे आणि पाणी इंजिनात आहे. दोघांमध्ये फक्त एक वायर आहे. त्या वायरीतून तापमान वाहत नाही, विद्युतधारा वाहते. म्हणजे काटा विद्युतधारा मोजतो, आणि तिच्यावरून तापमान किती असावे याचा अंदाज आपल्याला सांगतो. हा अंदाज केव्हा बरोबर येतो आणि केव्हा फसतो, हे समजून घेणे म्हणजे मापनशास्त्रातला एक मूलभूत धडा शिकणे होय. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साहित्यावर हा धडा शिकवता येतो, म्हणून त्याची माहिती येथे थोडी विस्ताराने देत आहोत.

जोडीतला पहिला: सेन्सर

इंजिनाच्या वरच्या भागात, थर्मोस्टॅटच्या जवळपास, पितळेचा एक लहानसा बोल्टासारखा भाग घट्ट बसवलेला असतो. त्याचे टोक पाण्यात बुडालेले असते आणि वरच्या बाजूला एक वायर जोडलेली असते. गॅरेजमध्ये यालाच सेन्सर म्हणतात. त्याच्या पोटात एक छोटी चकती असते. ती मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेली असते. हा पदार्थ अर्धवाहक आहे. त्याला थर्मिस्टर असे नाव आहे.

धातूची तार तापवली की तिचा विद्युत रोध वाढतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. तापलेल्या धातूतले अणू जास्त जोराने कंप पावतात आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अधिक अडथळा आणतात. अर्धवाहकाचे याच्या उलट असते. त्यात मुळात मोकळे विद्युतभार कमी असतात. तापमान वाढले की आणखी विद्युतभार वहनासाठी मोकळे होतात, आणि रोध वाढण्याऐवजी झपाट्याने घटतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली. तेव्हा तिचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. आज तीच गोष्ट गाडीच्या इंजिनापासून तापमोजणीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांपर्यंत सगळीकडे वापरली जाते.

रोध किती घटतो? गाड्यांच्या सेन्सरांत जसे आकडे आढळतात तशा दोन नमुन्यांची तुलना करू या. त्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. रोध ओहममध्ये आणि तापमान सेल्सिअस अंशांत दिले आहे.

४० अंशांना: क २८७, ख ४७०
६० अंशांना: क १३६, ख २२१
८० अंशांना: क ७०, ख ११३
१०० अंशांना: क ३९, ख ६२
१२० अंशांना: क २३, ख ३७

दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. पहिली अशी की रोध सरळ रेषेत घटत नाही. 'क'मध्ये ४० ते ६० अंशांच्या दरम्यान तो सुमारे १५० ओहमने उतरतो, तर १०० ते १२० च्या दरम्यान केवळ १६ ओहमने. दुसरी अशी की दोन्ही सेन्सरांचा स्वभाव एकच आहे, पण एकाच तापमानाला दोघांचे रोध वेगळे आहेत. बाहेरून मात्र दोघेही सारखेच दिसू शकतात: तेच पितळ, तेच आटे, तेवढीच लांबी.

जोडीतला दुसरा: मीटर

डॅशबोर्डवरच्या मीटरचे जुन्या गाड्यांत मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

पहिल्या प्रकारात वीज नसतेच. इंजिनातल्या बल्बपासून मीटरपर्यंत तांब्याची केसासारखी बारीक नळी जाते. बल्बमध्ये ईथरसारखा सहज उकळणारा द्रव असतो. तो तापला की त्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी नळी थोडी उलगडते. त्यामुळे काटा फिरतो. येथे बल्ब, नळी आणि मीटर कारखान्यातच एकमेकांना डाख देऊन जोडलेले असतात. त्यांना वेगळे करताच येत नाही, त्यामुळे जोडी चुकण्याचा प्रश्न येत नाही. पण नळी एकदा तुटली की संपूर्ण संच निकामी होतो.

दुसऱ्या प्रकारात मीटरच्या आत द्विधातू पट्टी असते. तिच्याभोवती तापक तार गुंडाळलेली असते. सेन्सरमधून जितकी धारा जाईल तितकी पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून या मीटरला विभवांतरातला बदल सोसत नाही. इंजिन बंद असताना बॅटरीचे विभवांतर सुमारे १२ व्होल्ट असते. इंजिन चालू झाल्यावर ते सुमारे १४ व्होल्टांपर्यंत चढते. १४ भागिले १२ या गुणोत्तराचा वर्ग केला तर १.३६ येतो. याचा अर्थ असा की पाण्याचे तापमान तेच असतानाही तारेतली उष्णता ३६ टक्क्यांनी वाढेल. हे टाळण्यासाठी अशा मीटरच्या आधी एक स्थिरक बसवतात. तो प्रवाह सतत जोडत-तोडत राहतो आणि सरासरी विभवांतर सुमारे १० व्होल्ट राखतो. बहुधा पेट्रोलचा मीटरही याच स्थिरकावर चालतो. म्हणून पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागले, तर इंजिनाआधी संशय स्थिरकाचा घ्यावा.

तिसऱ्या प्रकारात दोन किंवा अधिक वेटोळी असतात आणि त्यांच्या चुंबकीय क्षेत्रांच्या ओढाताणीत काटा ठरतो. सेन्सरचा रोध बदलला की या वेटोळ्यांतल्या धारांचे गुणोत्तर बदलते. बॅटरीचे विभवांतर वाढले तर सगळ्याच धारा वाढतात, पण गुणोत्तर जवळजवळ तेच राहते. म्हणून या मीटरला स्थिरकाची गरज नसते.

मीटर कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्याची सोपी खूण आहे. गरम इंजिनात किल्ली फिरवली आणि काटा झटकन जागेवर गेला, तर तो वेटोळ्यांचा मीटर. काटा आळसावल्यासारखा हळूहळू चढला, तर द्विधातू पट्टीचा.

याखेरीज एक वेगळीच जुनी पद्धत आहे. काही जुन्या अमेरिकी गाड्यांत सेन्सरच्याच आत तापणारी द्विधातू पट्टी आणि उघडझाप करणारे टोक असते. पाणी थंड असताना जास्त धारा जाते आणि गरम झाल्यावर कमी. तेथे किल्ली बंद केली की काटा 'एच'कडे विसावतो. अशा मीटरला थर्मिस्टरचा सेन्सर जोडला तर तो नेमके उलटे बोलतो.

जोडी चुकते कशी?

कारखान्यात मीटर आणि सेन्सर एकमेकांसाठीच बनवलेले असतात. 'क' सेन्सरच्या मीटरवर १०० अंशांची खूण जेथे केलेली असते, ती खरे तर '३९ ओहम'ची खूण असते. या क्रियेला अंशांकन म्हणतात. मीटरची पाटी ही एका विशिष्ट सेन्सरच्या रोधाच्या कोष्टकाचे चित्ररूप असते.

गाडी नवी असते तोवर ही जोडी टिकते. पण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी किंवा हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर यांचे उत्पादन थांबून आता बरीच वर्षे झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. जेव्हा हजारो टॅक्सी धावत होत्या, तेव्हा त्यांचे सुटे भाग सहज मिळत. आता मालकाला जे मिळेल ते घ्यावे लागते. दुकानदार जुना सेन्सर हातात घेतो, आटे मोजतो, खोक्यातून तसेच आटे असलेला दुसरा काढतो आणि देतो. सेन्सर घट्ट बसतो, पाणी गळत नाही, किल्ली फिरवली की काटाही हलतो. सगळे ठीक झाले असे वाटते.

पण आटे जुळणे ही यांत्रिक गोष्ट आहे आणि रोध जुळणे ही विद्युत गोष्ट आहे. एकावरून दुसरी सिद्ध होत नाही. कधीकधी तर दिव्यासाठीचा तापमान-स्विचही तशाच आट्यांचा निघतो. त्यात थर्मिस्टर नसतोच. तो ठरावीक तापमानाला फक्त प्रवाह जोडतो. तो काट्याच्या मीटरला लावला तर काटा बराच वेळ 'सी'वर पडून राहतो आणि मग एकदम 'एच'वर उडी मारतो.

चुकलेल्या जोडीचा हिशेब

आता समजा, मीटर 'क'साठी बनलेला आहे आणि इंजिनात 'ख' बसवला आहे. पाणी खरोखर १०० अंशांवर आहे. 'ख'चा रोध ६२ ओहम आहे. मीटरला मात्र 'क'चेच कोष्टक ठाऊक. त्याच्या कोष्टकात ६२ ओहम म्हणजे सुमारे ८४ अंश. काटा ८४ च्या जागेवर थांबतो. पाणी १२० वर गेले तर रोध ३७ ओहम होतो आणि काटा सुमारे १०२ दाखवतो. पाणी ८० वर असेल तर काटा ६५ दाखवतो.

जोडी उलटी चुकली, म्हणजे मीटर 'ख'चा आणि सेन्सर 'क'चा असला, तर पाणी ८० अंशांवर असतानाच काटा ९६ च्या आसपास जातो. इंजिन निरोगी असते, पण मालक घाबरतो. रेडिएटर धुतो, थर्मोस्टॅट काढून टाकतो, पंखा बदलतो. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली येतो आणि इलाज लागू पडला असे वाटते. प्रत्यक्षात आता इंजिन गरजेपेक्षा थंड चालत असते. त्यामुळे पेट्रोल जास्त लागते आणि झीजही वाढते.

या दोन चुकांत पहिली अधिक घातक आहे, कारण ती चालकाला निश्चिंत ठेवते. घाटात काय होते ते पाहा. लोणावळ्याच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. ज्या जुन्या गाड्यांत दाब धरून ठेवणारे झाकण नाही, त्यांच्या रेडिएटरलाही हाच नियम लागू आहे. झाकण दाबाचे असेल आणि ते अर्धा वातावरण जादा दाब धरत असेल, तर समुद्रसपाटीला उकळबिंदू सुमारे ११२ अंशांवर जातो. पहिल्या गियरमध्ये चढताना इंजिन जोरात फिरते, उष्णता भरपूर तयार होते, पण गाडीचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरवर वारा कमी येतो. अशा वेळी बिनदाबाच्या रेडिएटरमधले पाणी उकळू लागले, तरी चुकलेल्या जोडीचा काटा अजून ८४ च्या आतच असतो. चालक चढत राहतो. सिलिंडर हेड वाकते किंवा गॅस्केट उडते, तेव्हाच त्याला कळते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवावी. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचे तापमान सांगतो. पाणी गळून किंवा उकळून कमी झाले आणि सेन्सर उघडा पडला, तर तो वाफेत किंवा हवेत लोंबकळत राहतो आणि काटा खाली येऊ शकतो. घाटात गरमावर गेलेला काटा कारण नसताना अचानक उतरला, तर हायसे न वाटता गाडी बाजूला घ्यावी. आणि अशा वेळी रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले पाणी दाब सुटताच वाफ होऊन उसळते. त्याने गंभीर भाजते.

पाच ओहमची गडबड

जोडी बरोबर असूनही मीटर फसू शकतो. सेन्सरला बहुधा एकच वायर असते. परतीचा रस्ता म्हणजे सेन्सरचे आटे, इंजिनाचे लोखंड, तेथून चासीला जाणारी पट्टी आणि बॅटरी. यालाच मेकॅनिक अर्थिंग म्हणतात. आट्यांवर गंज असेल, गळती थांबवण्यासाठी टेफ्लॉनची पट्टी जाड गुंडाळली असेल किंवा चासीची पट्टी सैल असेल, तर या रस्त्यात थोडा जादा रोध येतो. तो ५ ओहम आहे असे धरू.

इंजिन थंड असताना, म्हणजे ४० अंशांना, २८७ च्या जागी २९२ ओहम होतात. काट्यावर अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. १०० अंशांना ३९ चे ४४ होतात आणि काटा ९६ दाखवतो. १२० अंशांना २३ चे २८ होतात आणि काटा ११२ दाखवतो. दोष तोच, पाचच ओहमचा. पण गाडी थंड असताना तो दिसत नाही आणि धोक्याच्या वेळी आठ अंशांनी फसवतो. वर्गात हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. 'त्रुटी किती?' एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. 'त्रुटी कोठे किती?' हे विचारावे लागते, हे त्यातून आपोआप कळते.

वर्गात करून पाहा

साहित्य: भंगारातून किंवा गॅरेजमधून मिळालेला एखादा सेन्सर, मल्टिमीटर, ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतला तापमापी, स्टीलचे पातेले, स्टोव्ह किंवा गॅस, दोन मगरचिमटे आणि आलेख कागद.

सेन्सर तारेने असा टांगा की त्याचे खालचे टोक पाण्यात बुडेल, पण वरचे वायरीचे टोक कोरडे राहील आणि सेन्सर पातेल्याच्या तळाला लागणार नाही. तापमापीचा फुगा सेन्सरच्या शेजारीच असू द्या. मल्टिमीटरची एक वायर वरच्या टोकाला आणि दुसरी सेन्सरच्या पितळी अंगाला जोडा. पाणी उकळीपर्यंत तापवा आणि मग आच बंद करा. वाचने पाणी निवताना घ्यावीत, कारण निवण्याची क्रिया संथ असते आणि सेन्सर व तापमापी दोघांनाही पाण्याच्या तापमानाला यायला अवधी मिळतो. पाणी ढवळत राहून दर ५ अंशांना रोध नोंदवा. उकळत्या पाण्याजवळचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

तापमान आणि रोध यांचा आलेख वक्ररेषा येईल. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी रोधाचा लॉगॅरिथम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख काढावा. तो जवळजवळ सरळ रेषा येतो. या सरळ रेषेचा फायदा असा की ती पुढे वाढवून १२० अंशांचा रोध किती असेल याचा अंदाज करता येतो, त्यासाठी पाणी १२० अंशांवर न्यावे लागत नाही.

हा झाला प्रयोगाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा मीटरचा. जुना मीटर मिळाला तर त्याला सेन्सरच्या जागी एकेक ठरावीक रोधक जोडा. बाजारात २२, ३३, ४७, ६८, १००, १५०, २२०, ३३० ओहम असे रोधक सहज मिळतात. ते २ वॉटचे घ्यावेत, म्हणजे तापून जळणार नाहीत. शाळेतली रोधपेटी येथे वापरू नये. तिच्या नाजूक वेटोळ्यांना ही धारा झेपत नाही. प्रयोगशाळेतला १२ व्होल्टचा पुरवठा घ्यावा आणि १ अँपिअरचा फ्यूज घालावा. गाडीतला मीटर स्थिरकावर चालणारा असेल तर पुरवठा १० व्होल्टांवर ठेवावा. प्रत्येक रोधकाला काटा कोठे थांबतो याची खूण कागदावर करावी. द्विधातू पट्टीच्या मीटरला स्थिर व्हायला मिनिटभर द्यावे.

आता आपल्याजवळ दोन कोष्टके आहेत. एक तापमान आणि रोध यांचे, दुसरे रोध आणि काट्याची जागा यांचे. दोन्हींत समाईक असलेला रोध काढून टाकला की तापमान आणि काट्याची जागा यांचे तिसरे कोष्टक मिळते. पाण्याचे तापमान ९० असताना काटा हिरव्या पट्ट्यात येतो का आणि पाणी उकळायच्या आत तो लाल पट्ट्यात पोचतो का, हे यावरून गाडी न हलवताच सांगता येते. बीजगणितात आपण दोन समीकरणांतून एक अव्यक्त काढून टाकतो, तीच ही क्रिया आहे.

रोधक जोडून भागेल का?

चुकलेली जोडी एखादा रोधक जोडून सुधारावी, असा सल्ला गॅरेजमध्ये ऐकू येतो. तो कितपत खरा आहे ते हिशेबाने तपासू. 'क'च्या मीटरला 'ख' सेन्सर लावला आहे. १०० अंशांना आपल्याला ६२ च्या जागी ३९ ओहम हवेत. समांतर जोडणीचे सूत्र वापरले तर १०५ ओहमचा रोधक लागतो. तो जोडला की १०० अंशांचे वाचन अगदी बरोबर येते.

आता इतर ठिकाणी पाहू. ८० अंशांना ११३ आणि १०५ यांचा समांतर रोध सुमारे ५४ ओहम होतो आणि काटा ८८ दाखवतो. १२० अंशांना सुमारे २७ ओहम होतात आणि काटा ११३ दाखवतो. ४० अंशांना, म्हणजे इंजिन जवळपास थंडच असताना, सुमारे ८६ ओहम होतात आणि काटा ७४ वर जाऊन बसतो. म्हणजे एका रोधकाने एकच बिंदू जुळतो. त्याच्या खाली काटा जास्त दाखवतो आणि वर कमी दाखवतो. वक्राचा आकारच बदलल्यामुळे असे होते.

तरीही हा उपाय अगदीच टाकाऊ नाही. धोक्याचा बिंदू कोणता हे आधी ठरवून नेमका तोच जुळवला, तर मीटर निदान इशारा तरी वेळेवर देईल. फक्त तो आता मापक उरलेला नाही, एका बिंदूपुरता सूचक झाला आहे, हे मालकाने जाणून असावे.

गाडीच्या मालकासाठी क्रम

आमच्या मते तपासणीचा क्रम असा असावा. प्रथम रेडिएटरमध्ये पुरेसे पाणी आहे ना ते थंड इंजिनात पाहावे. मग किल्ली बंद ठेवून सेन्सरची वायर काढावी आणि सेन्सरचे टोक व त्याचे अंग यांच्यातला रोध मोजावा. त्यानंतर तेच टोक आणि बॅटरीचे अर्थ केलेले टोक यांच्यातला रोध मोजावा. दोन आकड्यांत फरक आला तर तो अर्थिंगचा दोष. तो आधी दूर करावा. मग सेन्सर काढून पातेल्यात तपासावा, रोधकांनी मीटर तपासावा, आणि दोन्ही कोष्टके शेजारी ठेवावीत.

वायर इंजिनाला क्षणभर टेकवून काटा 'एच'वर जातो का हे पाहण्याची रीत मेकॅनिक मंडळींत आहे. तिने वायर आणि मीटर जिवंत आहेत एवढेच कळते. मीटर खरे बोलतो की नाही ते कळत नाही. वायर टेकवून ठेवली तर काही मीटर जळतातही.

जोडी जुळत नसेल तर मीटर न बदलता त्याला शोभेल असा सेन्सर शोधणे बहुधा श्रेयस्कर. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत गाडी मूळ रूपात राखलेली असण्यावर भर आहे. डॅशबोर्डवरचे मीटर गाडीच्या रूपाचा भाग असते, तर इंजिनातला सेन्सर कोणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून दुकानात जाताना आट्यांच्या मापाबरोबर '१०० अंशांना इतके ओहम' हा आकडाही चिठ्ठीवर लिहून न्यावा. आणि नवा सेन्सर बसवण्याआधी एकदा उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. कळंबोलीसारख्या समुद्रसपाटीजवळच्या गावी उकळते पाणी हे १०० अंशांचे आयते आणि फुकट प्रमाण आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. सेन्सरची वायर तुटली तर 'क'चा मीटर कोणते टोक दाखवेल? वायर घासून इंजिनाला टेकली तर कोणते? यांतला कोणता बिघाड चालकासाठी अधिक धोक्याचा, आणि का?

२. मीटर 'ख'चा आणि सेन्सर 'क'चा आहे. १०० अंशांचे वाचन जुळवण्यासाठी किती ओहमचा रोधक एकसर जोडावा लागेल? मग ८० आणि १२० अंशांना एकूण रोध किती होईल? 'ख'च्या कोष्टकाशी ताडून पाहा.

३. हाच सेन्सर-तपासणीचा प्रयोग कळंबोलीच्या शाळेने आणि लोणावळ्याच्या शाळेने केला. दोघांनीही तापमापी न वापरता 'उकळते पाणी म्हणजे १०० अंश' असे धरले. लोणावळ्याच्या मुलांना रोध जास्त मिळेल की कमी?

४. घरातली अशी आणखी दोन उपकरणे शोधा, ज्यांत मोजणारा भाग एकीकडे आणि दाखवणारा भाग दुसरीकडे असतो. त्यांतला एक भाग बदलला तर वाचन बरोबर आहे याची खात्री तुम्ही कशी कराल?